अध्यापक-परिचय आणि संशोधक विद्यार्थी

विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील अध्यापक-परिचयाकडे एक लेखनप्रकार म्हणून पाहण्याची आपल्याकडे प्रथा नाही. वस्तुतः मार्गदर्शकाच्या शोधात असलेल्या विद्यार्थ्याचा विभागाशी पहिला संबंध बहुधा याच मजकुरातून येतो. अध्यापक सध्या कोणत्या प्रश्नावर काम करीत आहेत व त्यांच्याकडे जागा आहे काय, हे त्यास जाणून घ्यावयाचे असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांप्रमाणे प्राध्यापकास एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकास ६ व सहायक प्राध्यापकास ४ विद्यार्थी घेता येतात. तेव्हा दुसरा प्रश्न गौण नव्हे.

परिचय मात्र निराळ्याच वाचकासाठी लिहिलेला असतो. मूल्यांकन समितीस निबंधांची संख्या पुरते. परंतु ‘रुची : भाषाविज्ञान, बोली’ एवढ्यावरून अहिराणीच्या क्रियारूपांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने काय समजावे?

याहून गंभीर दोष लिपीचा आहे. मराठी निबंधांची शीर्षके पुष्कळदा रोमन लिपीत, तीही उच्चारखुणांवाचून, दिलेली असतात. ‘के-ए-एल’ या तीन अक्षरांनी काल, काळ, कल, कळ यांपैकी कोणता शब्द अभिप्रेत आहे, हे संदर्भावाचून ठरत नाही. ल आणि ळ यांचा अर्थभेदक विरोध लिप्यंतरात पुसला जातो. देवनागरीत शोध घेणाऱ्यास तो निबंध सापडत नाही. मग ‘या विषयावर काम झालेले नाही’ असे तो आपल्या आराखड्यात निःशंकपणे लिहितो, आणि मौखिकीच्या वेळी त्याचे फळ त्यालाच भोगावे लागते. २०१२ पासून प्रचारात आलेल्या ‘ऑर्किड’च्या सोळा-अंकी क्रमांकाने लेखकाच्या नावाचा घोळ मिटतो, शीर्षकाचा मिटत नाही.

यावर, अधिकृत परिचयाची आता गरजच काय, असा आक्षेप घेतला जातो. तो इंग्रजीतून लिहिणाऱ्यांपुरता कदाचित ग्राह्य धरता येईल. आंतरराष्ट्रीय सूचींत मराठी नियतकालिके अभावानेच आढळतात. त्यांतील लेखनाची नोंद लेखकाच्या विभागाने ठेवली नाही, तर ती अन्यत्र होण्याचा संभव अल्प. ‘शोधगंगे’त प्रबंध मिळतो, परंतु प्रबंधानंतरची वीस वर्षे मिळत नाहीत.

हे लिहिताना प्रस्तुत लेखकाने स्वतःचे पृष्ठ उघडून पाहिले. तीन शीर्षके रोमन लिपीत होती, आणि ज्याची पदवी केव्हाच झाली तो विद्यार्थी तेथे अद्याप संशोधन करीत होता.