इगर्जीतील श्रोता आणि ‘क्रिस्तपुराणा’तील शिकवणुकीचा अधिकार

फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांच्या ‘क्रिस्तपुराणा’चा उल्लेख मराठी वाङ्मयेतिहासात येतो तो बहुधा एकाच कारणासाठी: त्यातील मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्यांसाठी. एका परकीय, तेही इंग्रज, धर्मोपदेशकाने मराठीला रत्नांतील निळ्याची आणि परिमळांतील कस्तुरीची उपमा द्यावी, याचे कौतुक आपल्या समीक्षेने इतके केले की सुमारे ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे उरलेले अंग जणू त्या थोड्या ओव्यांच्या सावलीत गेले. दुसरीकडे ही भाषा मराठी की कोंकणी, हा वाद. दोन्ही चर्चांमध्ये एक साधी गोष्ट निसटते. हा ग्रंथ इगर्जीत जमलेल्या लोकांना ऐकवण्यासाठी रचलेला आहे. तो उपदेश आहे. आणि उपदेश म्हटला की, ‘हे मला सांगण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला?’ हा श्रोत्याचा प्रश्न, उच्चारलेला असो वा नसो, उपस्थित असतोच. ‘क्रिस्तपुराणा’ने या प्रश्नाला दिलेले उत्तर त्याच्या रचनेत कसे दडले आहे, हे पाहण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रथम संदर्भ. ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५४६ मध्ये धर्मग्रामांच्या पाळकांवर रविवारी व सणावारी लोकांना त्यांच्या कुवतीनुसार उपदेश करण्याचे बंधन घातले. त्याच वर्षी, पवित्र शास्त्राचा खरा अर्थ ठरवण्याचा अधिकार ख्रिस्तसभेचा आहे, असेही तिने सांगितले. १५६२ मध्ये मिस्सेची भाषा लॅटिनच ठेवावी असे ठरले. पण मिस्सेत जे वाचले जाते त्याचे स्पष्टीकरण पाळकांनी वारंवार द्यावे, विशेषतः रविवारी व सणाच्या दिवशी, अशी पुस्तीही जोडली गेली. ही पुस्ती महत्त्वाची आहे. विधीची भाषा लोकांना अगम्य ठेवायची असल्यामुळेच स्पष्टीकरणाची भाषा लोकांची असणे भाग पडले. देशी भाषांतील कॅथलिक वाङ्मय लॅटिनच्या सत्तेला विरोध म्हणून जन्मले असे आपण सैलपणे म्हणतो. वस्तुतः ते त्या सत्तेचेच अपत्य आहे. गोव्यात या धोरणाने प्रशासकीय रूप घेतले. १६०६ च्या पाचव्या प्रांतिक परिषदेने, स्थानिक भाषा न येणाऱ्या धर्मगुरूंकडे धर्मग्राम सोपवू नयेत असा निर्णय दिला. त्यानंतर १० वर्षांनी, १६१६ मध्ये, राशोल येथे ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले.

रोमन लिपीचीही एक कथा आहे. १६०८ च्या एका पत्रात स्टीफन्स आपल्या संघाच्या प्रमुखांना कळवतात, की या देशाच्या भाषेत व अक्षरांत पुस्तके छापली जावीत ही आपली जुनी इच्छा आहे. अडचणी ते दोन सांगतात. एक, युरोपात २४ अक्षरे पुरतात तेथे येथे ६०० च्या घरात साचे पाडावे लागतील. दुसरी अडचण अशी, की प्रांताधिकाऱ्याच्या आज्ञेवाचून व पाठबळावाचून हे काम होणे नाही. पहिल्या अडचणीची नोंद मुद्रणाच्या इतिहासकारांनी घेतली. साहित्याच्या अभ्यासकाने दुसरीकडे पाहावे. या कवीच्या हाताला अक्षरही अनुज्ञेने मिळते. पुराणाच्या मुद्रित प्रतीवर धर्मन्यायासनाची व धर्माध्यक्षाची अनुज्ञा होतीच.

आता ग्रंथाच्या प्रारंभाकडे वळू. वंदनानंतर जो प्रसंग येतो तो साष्टी प्रांतातील एका इगर्जीत घडतो. पाद्री-गुरू धर्मशिक्षण देत आहेत, आणि एक ब्राह्मण श्रोता त्यांना विनंती करतो: आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का देत नाही? ग्रंथाच्या निर्मितीचे निमित्त म्हणून हा प्रसंग वाचणे सोपे आहे, आणि पुराणवाङ्मयाची ती रीतच आहे. परीक्षितीने विचारले म्हणून शुकाने सांगितले. परंतु या संवादात एक वस्तुस्थिती उघडपणे नोंदली गेली आहे, आणि ती श्रोत्याच्या मुखाने: आधीचे काढून घेतले गेले आहे. साष्टीत देवळे पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला जेझुइट धर्मगुरूंची हत्या झाली होती आणि पोर्तुगीजांनी तिचा सूडही उगवला होता. गोव्याचे धर्मन्यायासन १५६० पासून काम करीत होते. या पार्श्वभूमीवर श्रोत्याची मागणी केवळ भाविक जिज्ञासेची राहत नाही. ती भरपाईची मागणी आहे. सत्तेने निर्माण केलेली पोकळी तो सत्तेलाच भरावयास सांगतो, आणि पाद्री ती मागणी रास्त मानतो. माझ्या मते ‘क्रिस्तपुराणा’तील सर्वांत धीट क्षण हाच आहे; भाषास्तुती त्याच्या पुष्कळ मागे राहते.

येथे ‘ज्ञानेश्वरी’ची तुलना अपरिहार्य ठरते, मात्र प्रभावाच्या शोधासाठी ती करू नये. ज्ञानदेवांचा निवेदकही अधिकाराच्या प्रश्नाला सामोरा जातो. लहान वयात, देशी भाषेत, गीतेवर बोलण्याचा अधिकार तो निवृत्तिनाथांच्या कृपेतून घेतो. तेवढ्याने त्याचे भागत नाही. तो संतसभेकडे अवधान मागतो, नवव्या अध्यायाच्या प्रारंभी तर विशेष आर्जवाने. श्रोत्यांनी लक्ष दिले नाही तर व्याख्यान सफळ होत नाही, अशी त्याची धारणा आहे. म्हणजे प्रामाण्य वरून येते, आणि ते पुरे होते समोरून. स्टीफन्सच्या पुराणात वरचा दुवा गुरुकृपेचा नसून संस्थेचा आहे: शास्त्र, त्याचा अर्थ ठरवणारी ख्रिस्तसभा, तिने नेमलेला पाद्री. या साखळीत श्रोत्याच्या संमतीला तत्त्वतः जागा नाही. तरीही रचनेत ती जागा आहे. पहिल्या पुराणाच्या ३६ अवस्वरूंत सृष्टीची उत्पत्ती, आदामाचे पतन इत्यादी कथा चालू असताना श्रोते मध्येच शंका काढतात, आणि कथन थांबवून त्यांना उत्तर दिले जाते. ५९ अवस्वरूंच्या दुसऱ्या पुराणात ख्रिस्तचरित्राच्या ओघात या शंका मागे पडल्यासारख्या वाटतात. हे स्वाभाविकही आहे. देवाने मनुष्याला पापाची मोकळीक का दिली, याविषयी तर्क करता येतो. क्रूसाच्या प्रसंगी श्रोत्याकडून तर्काची अपेक्षा नसते. प्रश्नाला मुभा कोठपर्यंत, याची सीमा सिद्धांतरूपाने सांगण्याची गरज कवीला पडत नाही. ती रसाने आखली जाते.

अधिकाराची दुसरी खूण शब्दकळेत सापडते. वैकुंठ, मुक्ती, परमेश्वर हे शब्द स्टीफन्स निःशंकपणे वापरतो. वैष्णव परंपरेचे हे ऋण सर्वमान्य आहे. परंतु ‘स्पिरितु सांतु’, बाप्तिस्मा, इगर्जी यांसारखे शब्द पोर्तुगीज-लॅटिनच राहतात. सर्वसाधारण स्पष्टीकरण असे, की त्यांना पर्याय नव्हते. हे पटत नाही. ज्याने वैकुंठ चालवून घेतले त्याला आत्म्यासाठी शब्द मिळाला नसता काय? जे कथेत सांगता येते त्याचे भाषांतर झाले आणि जे संस्थेच्या हातून घ्यावे लागते, संस्कार, सभा, त्रैक्याचे सूत्र, ते मूळ नावाने राहिले, असे मला दिसते. हा नियम निरपवाद नाही. पण त्याला बळ देणारा पुरावा पाठभेदांत आहे. लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेतील मार्सडेन संग्रहात या पुराणाची देवनागरी हस्तलिखित प्रत आहे, आणि रोमन परंपरेत जेथे पोर्तुगीज-लॅटिन संज्ञा आहेत तेथे त्या प्रतीत संस्कृत वळणाचे शब्द येतात. मूळ पाठ कोणता, यावर विद्वानांचे एकमत नाही, आणि येथे त्याचा निवाडा करण्याचे कारण नाही. लक्षणीय हे, की दोन परंपरा ज्या ठिकाणी दुभंगतात ती ठिकाणे बहुतांशी अधिकाराची आहेत. ख्रिस्तसभेची शिकवण तिच्याच शब्दांत ऐकावी की आपल्या, हा वाद लेखनिकांच्या लेखणीतून चालला होता.

स्टीफन्सचीच ‘दौत्रिना क्रिस्तां’ (१६२२, मरणोत्तर) शेजारी ठेवली की पुराणाचे वेगळेपण स्पष्ट होते. ती मुलांसाठी, कोंकणी गद्यात, संवादरूपाने रचलेली आहे. तिच्यातील प्रश्न पाठांतराचा असतो. उत्तर आधी ठरलेले आणि प्रश्न त्याच्यासाठी. पुराणातील प्रश्न प्रौढाचा आहे, त्याच्यामागे एक गमावलेली परंपरा उभी आहे. एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाचे संत पेद्रूवरील मराठी पुराण (१६२९) अधिकाराच्या विषयाला अधिक थेट भिडते, कारण त्याचा नायकच ख्रिस्तसभेचा पहिला प्रमुख आहे. पण ‘जेंतीलां’च्या चुकांचे खंडन हे त्याने शीर्षकातच घोषित केलेले कार्य आहे. खंडनात प्रतिपक्ष असतो, श्रोता नसतो. मला ते पुराण त्यामुळे दुय्यम वाटते.

‘मॅजिस्टेरियम’ हा शब्द आजच्या अर्थाने, म्हणजे धर्माध्यक्ष व पोप यांच्या अध्यापनाधिकाराचा वाचक म्हणून, रूढ झाला तो एकोणिसाव्या शतकात. तो १६१६ च्या ग्रंथावर सरसकट लादू नये. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये, हा अधिकार देवशब्दाच्या वर नसून त्याच्या सेवेत आहे, असे स्पष्ट केले. साष्टीतील पाद्री-गुरूच्या तोंडी असे वाक्य नाही. मात्र तो ब्राह्मणाच्या मागणीवरून बोलू लागतो, आणि कृतीच्या पातळीवर सेवेचा अर्थ यापेक्षा फारसा निराळा नाही. ज्या सत्तेने पुराणे वर्ज्य केली तिच्याच आश्रयाने हे घडते, ही विसंगती मात्र कोणत्याही धर्मशास्त्रीय सूत्राने मिटत नाही, आणि समीक्षकाने ती मिटवण्याच्या भरीस पडू नये.

पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. तिन्हींपैकी एकही मुद्रित प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेचा वापर तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज स्वीकारण्याचा हुकूम काढला. १६०६ च्या परिषदेने पाळकांना जी भाषा शिकावयास लावली होती तीच आता लोकांनी विसरावी अशी अपेक्षा होती. ग्रंथ टिकला तो गोव्याबाहेर, कानडी मुलखात, मंगळूरला स्थलांतरित झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या हस्तलिखितांत. त्यांच्याच आधारे जे. एल. साल्ढाणा यांनी १९०७ ची आवृत्ती सिद्ध केली. या कुटुंबांत पुराण वाचले व गायिले जात असे. घरात पाद्री नसे. तेव्हा ब्राह्मणाचा प्रश्न आणि पाद्री-गुरूचे उत्तर, दोन्ही घरातल्या त्याच एका गाणाऱ्याच्या मुखातून येत.