चालू झाली, पण पुरावा गेला : जुन्या आउटबोर्ड मोटरी आणि आपला ‘क्लीन’ डेटा

रिसर्चला लागलं की पहिल्या महिन्यातच कुणीतरी सांगतं, “डेटा आधी क्लीन करून घे.” सल्ला बरोबरच आहे. पण क्लीन करताना नेमकं काय पुसलं जातं, ते सांगायला सहसा कुणी थांबत नाही. मला ते एका गंजक्या खिळ्याने शिकवलं.

माझा पीएच.डी.चा विषय आहे यंत्रांच्या घरगुती दुरुस्तीचा इतिहास. त्यासाठी मी १९५०च्या दशकातली एक अमेरिकन आउटबोर्ड मोटर विकत घेतली. आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं, दोरी खेचून चालू करायचं इंजिन. कोकणच्या किनाऱ्यावर त्याची आजची भावंडं तुम्ही पाहिली असतील. अमेरिकेत अशा जुन्या मोटरी खोलून, साफ करून पुन्हा पाण्यात उतरवणाऱ्या हौशी लोकांचं मोठं जग आहे. अँटिक आउटबोर्ड मोटर क्लब ही त्यांची संस्था १९६०च्या दशकापासून चालू आहे. आज मला या लोकांच्या रिस्टोरेशनची समीक्षा करायची आहे. समीक्षा म्हणजे नावं ठेवणं नव्हे. या पद्धतीतून काय कळतं आणि काय हरवतं, एवढंच तपासायचं.

आधी काय कळतं ते बघू. ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये मिलवॉकीत बाजारात आणलेली मोटर घ्या. एक सिलिंडर, दीड हॉर्सपॉवर, वजन ६२ पौंड, म्हणजे साधारण २८ किलो. कागदावर हे नुसते आकडे आहेत. ती उचलून हलत्या होडीवर लावायला गेलात, की ‘सुटसुटीत’ या शब्दाचा तेव्हाचा अर्थ खांद्याला कळतो. फ्लायव्हीलवर एक मूठ असते, ती धरून इंजिन फिरवायचं. इंजिन लागलं की ती मूठही गरागरा फिरते. हात वेळेत काढला नाही तर बोटं शेकून निघतात. हे जाहिरातीत येत नाही, पेटंटमध्ये तर नाहीच.

चालवून पाहणं ही ज्ञानाची एक रीत आहे, असं मी उगाच म्हणत नाही. विज्ञानाचे इतिहासकार हाइन्झ ओटो सिबम यांनी १९९०च्या दशकात जेम्स जूल यांचा पाणी ढवळून उष्णता मोजण्याचा प्रयोग तशीच उपकरणं बनवून पुन्हा केला. वाचताना सरळ वाटणारा प्रयोग प्रत्यक्षात अवघड निघाला. प्रयोग करणाऱ्याच्या अंगाची ऊबसुद्धा मोजणी बिघडवते. तापमान इतकं बारकाईने मोजायचं कसब जूल यांच्याकडे आलं कुठून, हा प्रश्न त्यातून पुढे आला आणि उत्तराची वाट त्यांच्या घरच्या बिअरच्या धंद्याकडे गेली. नुसत्या वाचनाने हा प्रश्न पडलाच नसता.

आता दुसरी बाजू. “मोटर अगदी तेव्हासारखी चालते” हे वाक्य तुम्ही अशा लिखाणात सारखं वाचाल. इथे थांबा आणि विचारा, नक्की काय चालतंय? जुन्या कार्ब्युरेटरमधला फ्लोट बुचाच्या लाकडाचा, वर शेलॅकचा म्हणजे लाखेचा थर. शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतो आणि आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. म्हणून फ्लोटला नवा थर द्यावा लागतो. कॉइलच्या जुन्या आवरणाला चिरा गेलेल्या असतात, कॉइल नवी. पाणी खेचणारा रबरी इम्पेलर कडक झालेला असतो, तोही नवा. पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोक ऑइल आजचं. यात काही गैर नाही, नाहीतर मोटर सुरूच व्हायची नाही. पण मग धूर किती, दोरी किती वेळा ओढावी लागते, याबद्दलची आपली निरीक्षणं तेव्हाच्या मोटरीची राहत नाहीत. ती तेव्हाच्या आणि आजच्या सरमिसळीची असतात. तसं लिहिलं तर पुरावा, नाही लिहिलं तर नुसता दावा.

गोष्टींचंही असंच रिस्टोरेशन होतं. एव्हिनरूड यांची आख्यायिका प्रसिद्ध आहे : तळ्याकाठी सहल, बेस यांना आइस्क्रीम हवं, ओले वल्ही मारत जाऊन आणतात, परतेपर्यंत ते वितळतं आणि मोटरीची कल्पना सुचते. गोड गोष्ट आहे. पण तिला इतकं पॉलिश झालंय की आधीचे सांधे दिसेनासे झालेत. गुस्ताव त्रूव्हे यांनी १८८१ मध्येच पॅरिसला सीन नदीत विजेवरची सुटी मोटर चालवून दाखवली होती. अमेरिकेत कॅमरन वॉटरमन एव्हिनरूडच्या आधीपासून पेट्रोलवरच्या आउटबोर्ड मोटरी विकत होते. शिवाय गोष्टीत बेस फक्त आइस्क्रीम मागतात. प्रत्यक्षात जाहिरात आणि धंद्याचा कारभार त्या बघत होत्या. गोष्ट खरी की खोटी, हा इथे मुख्य प्रश्न नाही. ती चकचकीत करताना कोण पुसलं गेलं, ते शोधा.

आणि आता तो खिळा. प्रोपेलरच्या दांड्यात एक मऊ धातूची शिअर पिन असते. प्रोपेलर खडकावर आदळला की ती तुटते आणि गिअर वाचतात. माझ्या मोटरीत पिनच्या जागी कापलेला खिळा होता. मी तो काढला, फेकून दिला, योग्य मापाची पितळी पिन बसवली, गिअरबॉक्स धुऊन काढला. मोटर पिंपातल्या पाण्यात तिसऱ्या ओढीला लागली. त्या दिवशी मी भलतीच खूश होते.

गाइडना दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं, “खिळ्याचा फोटो आहे ना?”

नव्हता. आणि माझा विषय काय, तर घरगुती दुरुस्ती! खिळा कडक असतो, आदळल्यावर तुटत नाही, सगळा धक्का गिअरवर जातो. तो कुणी का घातला असेल? पिना संपल्या होत्या? दुकान लांब होतं? उथळ पाण्यात पिना सारख्याच तुटत होत्या? खिळ्यावरच्या खुणा, गिअरबॉक्समधल्या तेलात उतरलेला धातूचा कीस, यातून थोडंफार सांगता आलं असतं. आता प्रकरणातली ती तीन-चार पानं मला वगळावी लागली. डेव्हिड एजर्टन ‘द शॉक ऑफ द ओल्ड’मध्ये सांगतात की तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांपुरता पाहू नका, वापर आणि देखभाल बघा. ते पुस्तक मी दोनदा वाचलंय, अधोरेखित करून. तरी कचऱ्याच्या डब्यात गेली ती देखभालच.

म्हणून रिस्टोरेशनवर माझा आक्षेप एकच आहे. ‘पूर्ववत’ म्हणताना ते कारखान्यातून निघालेल्या दिवसाला खरं मानतं आणि नंतरच्या साठ-सत्तर वर्षांना घाण. तुमच्या मुलाखतीतली अडखळणारी वाक्यं, सर्व्हेतले विचित्र आकडे, हस्तलिखितातली खाडाखोड, यांच्याशी आपण हेच करतो. साफ जरूर करा. साफ केल्याशिवाय मोटर चालत नाही आणि प्रबंधही. फक्त हात लावण्याआधी फोटो काढा, मूळ फाइल वेगळी ठेवा, काय बदललं आणि का, ते तारखेसकट वहीत लिहा. काढलेला भाग डबीत घालून वर चिठ्ठी लावा.

माझ्या टेबलावर आता तशी एक डबी आहे. खिळा सोडून बाकी सगळं त्यात आहे.