आधी कोणत्या जागा भरल्या?

प्रवेशाची यादी आता संगणक लावतो. अकरावी असो की अभियांत्रिकी, विद्यार्थ्याने पसंतीक्रम भरायचा आणि ठरलेल्या दिवशी आपले नाव कोठे लागले ते पाहायचे. यात कारकुनाची मेहेरबानी नाही, वशिल्याची चिठ्ठी नाही. म्हणून हे यंत्र निःपक्षपाती आहे, असे सांगितले जाते. मेहेरबानी कमी झाली हे खरे आणि ते चांगलेच झाले. परंतु यंत्राला जात नसली तरी त्यात घातलेला नियम माणसाने लिहिलेला असतो. कथा-कविता वाचताना तीत कोण बोलतो आणि कोणाला गप्प केले आहे, हे आपण विचारतो. जागावाटपाचे सॉफ्टवेअरही तसेच वाचले पाहिजे. त्यातील दोन ओळी मागेपुढे झाल्या तर आपली मुले वर्गात येतात किंवा वर्गाबाहेर राहतात.

पहिला प्रश्न पसंतीचा. अमेरिकेतील बोस्टन शहरात कृष्णवर्णीय पालकांनी दाद मागितली आणि १९७४ साली न्यायालयाने शाळांतील वर्णभेद मोडून काढण्याचा हुकूम दिला. पुढे तेथे पालकांनी शाळांची नावे पसंतीने लिहावीत आणि संगणकाने वाटप करावे, अशी पद्धत आली. २००५ पर्यंत हे यंत्र आधी सर्वांच्या पहिल्या पसंतीवर जागा भरून टाकी. पहिली शाळा हुकली की दुसऱ्या पसंतीची शाळा आधीच भरलेली असे. म्हणजे मनातली शाळा खरेपणाने लिहिणे हाच धोका! जाणकार पालक एकत्र जमून कोणते नाव आधी लिहायचे याचे डावपेच ठरवीत. ज्यांच्या घरात विचारायला कोणी नव्हते त्यांनी खरे लिहिले आणि ते हरले. अखेर २००५ साली पद्धत बदलली. गेल आणि शॅप्ली या दोन गणितज्ञांनी १९६२ साली मांडलेल्या तत्त्वावर नवी पद्धत उभी राहिली. तीत शेवटपर्यंत प्रत्येक जागा तात्पुरती असते; ज्याचा हक्क वरचा, त्याला ती मिळते, मग त्याने ती शाळा दुसऱ्या क्रमांकावर लिहिलेली का असेना. अशा पद्धतीत खरे लिहिणाऱ्याचे नुकसान होत नाही.

आपल्याकडे मुंबई परिसरात २००९ पासून अकरावीचे प्रवेश ऑनलाइन होऊ लागले आणि २०२५ साली ही पद्धत साऱ्या राज्याला लागू झाली. त्या वर्षी विद्यार्थ्याला दहा महाविद्यालये लिहिता येत होती. पण पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही तेथे प्रवेश घेतला नाही, तर पुढील नियमित फेऱ्यांची दारे बंद होत. फेऱ्या लवकर संपाव्यात हा यामागचा हेतू समजू शकतो. पण फी किती, वसतिगृह आहे की नाही, बस किती वाजता सुटते, हे ज्याला नाव लागल्यावरच कळते, त्याच्यासाठी पहिले नाव म्हणजे न वाचता केलेली सही ठरते. शिक्षकाच्या मुलाला हे घरात कळते. घरातून पहिल्यांदाच दहावी झालेली मुलगी सायबर कॅफेवाल्याला विचारते.

दुसरा प्रश्न याहून गंभीर आहे आणि तो दिसतही नाही. राखीव आणि खुल्या जागांपैकी सॉफ्टवेअर आधी कोणत्या भरते?

हिशेब सोपा जावा म्हणून एक वर्ग कल्पू. दहा जागा, पाच खुल्या, पाच राखीव. गुणवत्ता यादीत आपले विद्यार्थी २, ५, ९, १२, १५, १८ आणि १९ या क्रमांकांवर आहेत. आधी खुल्या जागा भरल्या तर पहिले पाच जण त्यांवर बसतात. त्यात २ आणि ५ हे आपले. मग राखीव पाच जागांवर ९, १२, १५, १८ आणि १९ येतात. एकूण सात. आता क्रम उलटा करा. आधी राखीव जागा भरल्या तर २, ५, ९, १२ आणि १५ तेथेच संपतात. खुल्या जागा १, ३, ४, ६ आणि ७ यांना जातात. एकूण पाच. यादी तीच, टक्केवारी तीच, आणि १८ व १९ घरी! कोणी अन्याय केल्याचा पुरावाही मागे राहत नाही. मदतीची पायरी म्हणून दिलेले आरक्षण डोक्यावरचे छत बनते.

हे केवळ कागदी गणित नाही. बोस्टनमध्येच शाळेच्या जवळ राहणाऱ्या मुलांसाठी निम्म्या जागा राखून ठेवलेल्या होत्या. यंत्र त्या आधी भरी. सोडतीत चांगला क्रमांक मिळालेली जवळची मुले त्यात संपत; उरलेल्या अर्ध्यात जवळच्यांचे वाईट क्रमांक तेवढे शिल्लक राहत आणि त्या जागा बहुतांशी बाहेरच्यांना मिळत. परिणाम जवळजवळ राखीव जागा नसल्यासारखाच! दहा वर्षांहून अधिक काळ शहर या निम्म्या जागांवर भांडत राहिले. अखेर अभ्यासकांनी हे उघडकीस आणले आणि २०१३ साली शहराने ती तरतूदच सोडून दिली. ती तरतूद न्याय्य होती की नाही, हा वेगळा वाद. लोकांनी उघडपणे ठरवलेली गोष्ट यंत्रातील क्रमाने गुपचूप पुसली, हे आपल्याला लक्षात ठेवायचे आहे.

आपला कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. गुणवत्तेवर खुल्या जागेत येणारा मागासवर्गीय उमेदवार राखीव जागेत मोजायचा नाही, हे इंद्रा साहनी खटल्यात १९९२ साली सांगितले गेले. महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशांवरून गेलेल्या रितेश साह खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, असा विद्यार्थी अधिक चांगल्या महाविद्यालयासाठी राखीव जागा निवडू शकतो, तरी त्याची गणना खुल्यातच होईल. २०२० च्या डिसेंबरात सौरव यादव खटल्यात, महिलांच्या खुल्या जागाही सर्व जातींच्या महिलांना खुल्या आहेत, असा निर्वाळा मिळाला. तरीही न्यायालयाचे वाक्य आणि संगणकाची ओळ यांच्यामध्ये कोणीतरी बसलेला असतो. तो ‘खुला’ या शब्दाचा अर्थ ‘सवर्णांचा’ असा लावील, तर निकालपत्र कपाटातच राहील.

म्हणून सुधारणा म्हणजे नुसते वेगवान सर्व्हर आणि चकचकीत पडदा नव्हे. प्रत्येक प्रवेशप्रक्रियेचा वाटपाचा नियम साध्या मराठीत छापला पाहिजे. कोणत्या जागा आधी भरल्या, हे त्यात लिहिलेले असले पाहिजे. मागच्या वर्षीच्या याद्यांवर नियम आधी चालवून त्याचा निकाल दाखवला पाहिजे. विद्यार्थी संघटनांनी आणि प्राध्यापकांनी यादी लागली की पहिला प्रश्न हाच विचारावा : खुल्या जागांवर आपले किती? गुणवत्ता यादीच्या वरच्या भागात आपली मुले असूनही हा आकडा शून्य येत असेल, तर यंत्रात काय लिहिले आहे ते उघडून दाखवा, असे म्हणण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.