कंबिका : पोथीच्या फळ्यांचें एक जुनें नांव

'राजप्रश्नीय' या जैन आगमांत सूर्याभ देवाच्या पुस्तकरत्नाचें वर्णन आलें आहे. पत्रें, कंबिया, दोरा, गांठी, दौत, तिचें झांकण, सांखळी, शाई, लेखणी अशीं उपकरणें तेथें एकेक नांवानिशीं सांगितलीं आहेत. यांतील 'कंबिया', म्हणजे संस्कृत कंबिका, या शब्दाचा अर्थ लावतांना दोन काळांची गल्लत होते; ती दूर व्हावी एवढाच आमचा हेतु.

बाराव्या शतकांतील टीकाकार मलयगिरि येथें 'कंबिके' असें द्विवचन योजून 'पृष्ठके' असा पर्याय देतो. प्राकृतांत द्विवचन नाहीं. मुळांतील अनेकवचनाचें त्यानें द्विवचन केलें. पोथीच्या वर एक व खालीं एक अशा दोन फळ्या त्याच्या डोळ्यांपुढें होत्या, हें उघड आहे. (आपला 'पुठ्ठा' याच 'पृष्ठा'च्या कुळांतला.)

पुढें गुजरातेंत 'कांबी' म्हणजे बोटांचा घाम पानास लागूं नये म्हणून धरावयाची चपटी पट्टी. मुनि पुण्यविजय यांनीं 'जैन चित्रकल्पद्रुम' (१९३६) यांतील गुजराती निबंधांत हीं लेखनसाधनें विस्तारानें वर्णिलीं आहेत. त्या तोडीचें विवेचन आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं. परंतु पट्टीचा अर्थ आगमावर लादणें युक्त नव्हे. पट्टी एकच पुरते. मग द्विवचनाची वाट काय?

आतां व्युत्पत्ति. अमरकोशांत 'कंबि' म्हणजे पळी. पळीवरून फळीपर्यंत जाण्यास आम्हांस मार्ग दिसत नाहीं. अन्य कोशांत 'वेळूचा अंश' असाही अर्थ आहे, आणि मराठी 'कांब' म्हणजे चिरलेल्या वेळूची पट्टी. आमच्या मतें हाच धागा खरा. ताडपत्राची पोथी लांब व अरुंद, तिची फळीही तशीच. तिला कांबेचें नांव सहज मिळालें असावें. कागद आल्यावर पानें रुंद झालीं, पुठ्ठे आले, आणि जुनें नांव अरुंद पट्टीपाशींच राहिलें.

जेसलमेरच्या भांडारांतील चित्रित फळ्यांस 'पाटली' म्हणतात. आमच्याकडील पाटली मात्र मनगटांत! नांव कोणतेंही असो, याद्या करणारांनीं 'दोन फळ्या' एवढें लिहून थांबूं नये. फळीस छिद्र असल्यास तें पानांतील छिद्राशीं जुळतें कीं नाहीं, लांबी-रुंदी मिळते कीं नाहीं, हें नोंदवावें. पानें झिजलीं तरी फळ्या टिकतात व दुसऱ्या पोथीस लावल्या जातात. म्हणून फळीवरील चित्रावरून आंतील लेखनाचा काळ ठरविणें धोक्याचें आहे.