हसलेले प्रेक्षक, न हसलेले प्रेक्षक

'मायबाप प्रेक्षक' हे शब्द आपण नाटक-सिनेमाबद्दल बोलताना इतक्या सहज वापरतो की, हे मायबाप नेहमी एकमताचे असतात असे गृहीतच धरले जाते. चित्रपट चालला, म्हणजे प्रेक्षकांना आवडला. पडला, म्हणजे आवडला नाही. गंभीर चित्रपटाच्या बाबतीत या गृहीताशी निदान कुणी भांडते तरी. हलक्याफुलक्या चित्रपटासाठी तेवढी तसदीही कुणी घेत नाही. गुप्तहेर, पाठलाग, चार स्फोट, एखादे चुंबन आणि भरपूर विनोद एवढ्या ऐवजावर प्रेक्षकाचे मत ते काय असणार? हसला की नाही, इतकेच.

या समजुतीची तपासणी करायला जेम्स कॅमेरॉन यांचा 'ट्रू लाइज' फार सोयीचा आहे. १५ जुलै १९९४ रोजी तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याच्या निर्मितीवर दहा कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाला, आणि त्या काळात हा आकडा ऐकूनच लोक चाट पडले होते. जगभरातून त्याने सुमारे ३७ कोटी ८० लाख डॉलर मिळवले. कथा मात्र उसनी होती. क्लोद झिदी या फ्रेंच दिग्दर्शकाच्या 'ला तोताल!' (१९९१) या विनोदी चित्रपटावरून ती घेतलेली. हॅरी टास्कर (आर्नोल्ड श्वार्झनेगर) हा अमेरिकेचा अव्वल गुप्तहेर. पण पत्नी हेलन (जेमी ली कर्टिस) पंधरा वर्षे समजते आहे की नवरा संगणक विकतो आणि म्हणूनच इतका कंटाळवाणा आहे. एकीकडे 'क्रिम्झन जिहाद' नावाच्या टोळीने पळवलेले अणुबाँब, दुसरीकडे बायको आपल्याला फसवते आहे असा हॅरीला आलेला संशय, अशा दोन रुळांवर चित्रपट धावतो.

मी तो नव्वदच्या दशकात केबलवर पाहिला आणि पोट धरून हसलो, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे लिहितो आहे ते न हसलेल्या माणसाचे लिखाण नाही.

या चित्रपटाबद्दल १९९४च्या त्याच उन्हाळ्यात प्रेक्षकांची दोन मते नोंदली गेली. 'सिनेमास्कोअर' या संस्थेने चित्रपटगृहांत घेतलेल्या चाचणीत प्रेक्षकांनी त्याला सरासरी 'ए' श्रेणी दिली. त्याच वेळी अरब-अमेरिकन लोक चित्रपटगृहांबाहेर फलक घेऊन उभे राहिले. 'अमेरिकन-अरब अँटी-डिस्क्रिमिनेशन कमिटी' या संघटनेने चित्रपटाविरुद्ध जाहीर आवाज उठवला. पहिल्या नोंदीला आपण प्रेक्षकांचा कौल म्हणतो आणि दुसरीला निदर्शने. मला प्रश्न पडतो तो या बारशाबद्दल. दुसरे मत हे प्रेक्षकांचे मत का नव्हे?

आधी कौल कसा मोजला जातो ते पाहू. सिनेमास्कोअर ही लास वेगासची संस्था, १९७९पासूनची. तिच्या जन्माची कथा आपल्या विषयाला चपखल बसणारी आहे. संस्थापक एड मिन्ट्झ यांनी १९७८ साली 'द चीप डिटेक्टिव्ह' हे नील सायमन यांनी लिहिलेले गुप्तपोलिसी चित्रपटांचे विडंबन पाहिले. हसण्याच्या अपेक्षेने गेले आणि वैतागून बाहेर आले. समीक्षकांऐवजी तिकीट काढणाऱ्या साध्या माणसाला विचारले पाहिजे, ही कल्पना त्या वैतागातून पुढे आली. म्हणजे प्रेक्षकांचे मत मोजण्याचा हा सारा उद्योग एका न जमलेल्या हलक्याफुलक्या चित्रपटाचे देणे आहे.

पद्धत सोपी. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी काही निवडक शहरांत प्रेक्षकांना एक छोटे कार्ड देतात. त्यावर वय, स्त्री की पुरुष आणि चित्रपटाला 'ए'पासून 'एफ'पर्यंतची श्रेणी एवढे नोंदवून घेतात. आता पहिल्या दिवशी येतो कोण? जाहिरात पाहून ज्याला आधीच यावेसे वाटले तो. त्याच्याकडून मिळणारी श्रेणी चित्रपटाच्या गुणवत्तेपेक्षा वचनपूर्तीची असते. जे कबूल केले होते ते दिले की नाही? मॅथ्यू वॉन यांच्या 'किंग्जमन'ला २०१५मध्ये 'बी प्लस' मिळाले आणि त्यांच्याच 'आर्गाइल'ला २०२४मध्ये 'सी प्लस'. दोन्ही गुप्तहेरांची थट्टा करणारे, दोन्ही झगमगीत. फरक पडला तो वचन आणि माल यांच्यातल्या अंतरात. भाजीवालीने जुडी सोडून दाखवली की नाही, तसला हा व्यवहार आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही, पण त्याला 'प्रेक्षकांचे मत' असे भारदस्त नावही देऊ नये. जो त्या दाराकडे फिरकलाच नाही, किंवा दाराबाहेर फलक घेऊन उभा राहिला, त्याच्या हाती कार्ड पडत नाही.

'ट्रू लाइज'ने आपले वचन मात्र कसून पाळले. वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात खलनायक मोटारसायकलवर आणि हॅरी पोलिसाच्या घोड्यावर अशी शर्यत लागते. दोघेही आपापल्या वाहनासकट लिफ्टने वर जातात. घोड्याच्या लिफ्टमध्ये एक वयस्कर जोडपे आहे, आणि हॅरी अदबीने त्यांची माफी मागतो. गच्चीवरून खलनायक मोटारसायकल उडवून शेजारच्या इमारतीच्या पोहण्याच्या तलावात पडतो. घोडा मात्र कडेवर येऊन शहाणपणाने थांबतो. या प्रसंगात कॅमेरॉन यांची गती, भूगोलाचे भान आणि श्वार्झनेगरच्या दगडी चेहऱ्याचा वापर हे सगळे पहिल्या दर्जाचे आहे. 'ए' उगीच मिळत नाही.

पण हा चित्रपट प्रेक्षकाला नेमका कुठे बसवतो, हे पाहण्यासारखे आहे. कारण त्याच्या पोटातच एक प्रेक्षक आहे, आणि तो म्हणजे हेलन. वकिलाच्या कचेरीत कारकुनी करणारी, संसाराला कंटाळलेली ही बाई सायमन नावाच्या जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याच्या थापांना भुलते. बिल पॅक्स्टनने हा सायमन इतका केविलवाणा चोपडा रंगवला आहे की त्याचा राग यायचा राहून जातो. तो स्वतःला गुप्तहेर म्हणवतो, हॅरीचेच पराक्रम वर्तमानपत्रांतून उचलून आपल्या नावावर खपवतो. हेलनला त्याच्यात फारसा रस नाही, रस आहे तो धोक्यात, रहस्यात, आपणही काहीतरी करतो आहोत या भावनेत. आपण तिकीट काढतो ते याच्याचसाठी ना? सायमन जो धंदा करतो तोच धंदा दहा कोटी डॉलर खर्चून स्टुडिओ करतो. हा विनोद चित्रपटाला कितपत उमगला होता कोण जाणे, पण तो त्यात आहे खरा.

हॅरी सरकारी यंत्रणा वापरून बायकोचा फोन टॅप करतो. तिला पकडून एका खोलीत बसवतो आणि एकतर्फी आरशामागून, आवाज बदलणाऱ्या यंत्रातून तिची उलटतपासणी घेतो. नवऱ्यावर तुझे प्रेम आहे का, हा प्रश्न तिला असा विचारला जातो. मग शिक्षा म्हणून तिला एका खोट्या कामगिरीवर पाठवतात. हॉटेलच्या खोलीत वेश्या बनून जायचे आणि अंधारात बसलेल्या अनोळखी माणसापुढे नाचायचे. तो माणूस हॅरीच असतो. अंधारी खोली, एक खुर्ची, त्यात न दिसणारा पुरुष आणि समोर उजेडात बाई. आरशामागे काय किंवा या खुर्चीत काय, हॅरी जिथे बसला आहे तिथेच आपणही बसलेलो आहोत. त्याला जेवढे माहीत आहे तेवढे आपल्याला माहीत आहे, फक्त तिला काही माहीत नाही. प्रसंगाची गंमत सगळी या विषमतेवर उभी आहे.

अनेक अमेरिकन समीक्षकांना हे तेव्हाच बोचले होते. पण स्त्री-प्रेक्षकांनी चित्रपट सरसकट नाकारला असे म्हणणेही खोटे ठरेल. याला कारण जेमी ली कर्टिस. नाचता नाचता पलंगाच्या खांबावरून हात सुटून ती धपकन पडते, क्षणात उठून पुढे सुरू करते, आणि त्या एका घसरण्याने प्रसंग तिच्या मालकीचा होतो. या भूमिकेसाठी तिला गोल्डन ग्लोब मिळाले. शेवटी हेलन स्वतःच गुप्तहेर होते आणि नवऱ्याबरोबर टँगो नाचते. जिला फसवले तिलाच खेळात घेऊन चित्रपट हिशेब मिटवल्यासारखे दाखवतो. तो मिटला का, याचे उत्तर खुर्चीत कोण बसले आहे यावर ठरते.

अरब प्रेक्षकाला मात्र तेवढेही मिळत नाही. हॅरीच्या पथकात फैसल नावाचा एक अरब-अमेरिकन सहकारी आहे, हे चित्रपटाच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण त्याच्या वाट्याला अगदी थोडे काम आहे, आणि समोर टोळीभर माणसे माशांसारखी मरतात. हेलनच्या हातून सुटलेली बंदूक जिन्यावरून गडगडत खाली जाते आणि प्रत्येक पायरीवर आपोआप गोळ्या झाडत दहशतवाद्यांना लोळवते. मुख्य खलनायक अझीझ क्षेपणास्त्राला लटकतो आणि हॅरी ते डागतो. चित्रपटगृहात हमखास टाळ्या पडाव्यात अशाच या जागा आहेत. मरणारी माणसे आहेत हे विसरल्याशिवाय हसू येत नाही, आणि विसरायला लावण्याचे काम दिग्दर्शकाने चोख केले आहे.

यातही एक प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अझीझ व्हिडिओ कॅमेऱ्यासमोर भाषण करतो. तुम्ही आमच्या बायकामुले मारलीत, दुरून आमच्या शहरांवर बाँब टाकलेत आणि वर आम्हालाच दहशतवादी म्हणता, असा त्याचा आशय. संपूर्ण चित्रपटात दुसऱ्या बाजूने मांडलेला हा एकमेव युक्तिवाद. नेमक्या त्याच वेळी कॅमेऱ्याची बॅटरी संपत आलेली असते आणि चित्रण करणारा बिचारा ते सांगायला घाबरतो. आपण अझीझचे ऐकत नाही, बॅटरीचा दिवा बघतो. विनोद म्हणून हा प्रसंग अप्रतिम आहे. हास्याचा असा उपयोग करता येतो, हे मला तो तिसऱ्यांदा पाहताना कळले.

चित्रपटाच्या शेवटी, हे सर्व काल्पनिक असून कोणत्याही संस्कृतीचे वा धर्माचे चित्रण नाही, अशा अर्थाची पाटी येते. तोवर लोक पॉपकॉर्नचे डबे टाकून बाहेर पडलेले असतात. जॅक शाहीन या अभ्यासकांनी पुढे 'रील बॅड अरब्ज' (२००१) या ग्रंथात नऊशेहून अधिक चित्रपट तपासले, आणि सर्वांत वाईट चित्रणांत 'ट्रू लाइज'ला जागा दिली. निदर्शकांचा मुद्दा एका चित्रपटापुरता नव्हता, हे त्या आकड्यावरून दिसते. एका चित्रपटात अरब खलनायक असला तर तो खलनायक असतो, शेकडो चित्रपटांत तोच असला तर तो चेहरा होतो.

आणि चेहऱ्याचा प्रश्न आपल्यापर्यंतही येतो. अझीझचे काम करणारा आर्ट मलिक हा अरब नव्हेच. त्याचा जन्म पाकिस्तानातल्या बहावलपूरचा. 'द ज्युएल इन द क्राउन' (१९८४) या ब्रिटिश मालिकेत त्याने हरी कुमार हा भारतीय तरुण साकारला होता. हॉलिवूडच्या हिशेबी हरी आणि अझीझ यांच्यात फार अंतर नाही. ऑक्लाहोमा सिटीत १९ एप्रिल १९९५ रोजी स्फोट होऊन १६८ माणसे मेली, तेव्हा पहिल्या काही तासांत संशयाचे बोट मध्यपूर्वेकडे वळले होते. स्फोट घडवणारा निघाला अमेरिकेचाच एक माजी सैनिक. ११ सप्टेंबर २००१नंतर चार दिवसांनी ॲरिझोनातल्या मेसा गावी एका शीख पेट्रोलपंपवाल्याला अरब समजून गोळ्या घातल्या गेल्या. एका विनोदी चित्रपटामुळे हे घडले असे म्हणणे पोरकटपणाचे होईल, आणि मी तसे म्हणत नाही. पण चेहऱ्यांची गल्लत करणाऱ्या डोळ्यांना ती सवय कुठेतरी लागलेली असते. १९९४ साली दाराबाहेर उभे असलेले लोक या सवयीबद्दल बोलत होते. चित्रपट बारकाईने पाहूनच बनते असे ते मत होते. श्रेणीच्या कार्डात ते बसत नव्हते, इतकेच.

'ट्रू लाइज'चा दुसरा भाग काढण्याचा विचार बरीच वर्षे चालू होता. २००१च्या त्या दिवसानंतर कॅमेरॉन यांनी तो सोडून दिला. दहशतवाद हा आता हसण्याचा विषय राहिला नाही, अशी त्यांची भूमिका होती. ती प्रामाणिक असेलही. पण ज्यांना तो १९९४मध्येही हसण्याचा विषय वाटला नव्हता, त्यांची दखल तिच्यात नाही. २०२३मध्ये याच नावाची दूरचित्रवाणी मालिका अमेरिकेत आली आणि एका हंगामात आटोपली.

गेल्या मे महिन्यात भाची सुट्टीला आली होती, तेव्हा तिला मुद्दाम हा चित्रपट दाखवला. वय वीस. घोडा लिफ्टमध्ये शिरला तेव्हा ती इतकी हसली की स्वयंपाकघरातून तिची आजी काय झाले ते पाहायला आली आणि तिथेच बसली. हॉटेलच्या प्रसंगाला भाचीने मोबाइल हातात घेतला. कर्टिस पडली तेव्हा आजी हसली, भाची नाही. मग आजीने विचारले, "त्या बाईला ठाऊक आहे का गं, तो तिचा नवरा आहे ते?"

"नाही ना," भाची म्हणाली.

"मग हिला किती भीती वाटत असेल," आजी म्हणाली, आणि गॅसवर दूध ठेवले होते म्हणून उठून गेली.