गुण सुईचा की हाताचा?

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव आपल्याला नवे नाही. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. युद्धातील जखमींवर उपचार करीत असतानाच आजारी पडून ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते तेथेच वारले. त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू पुढे १९५० च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले, तेथे ॲक्युपंक्चर म्हणजे सूचिचिकित्सा शिकले आणि परत येऊन कोलकात्यात त्यांनी हा उपचार सुरू केला. भारतात ही पद्धत पसरली ती पुष्कळशी बसू यांच्यामुळे आणि कोटणीसांच्या स्मरणार्थ चाललेल्या कार्यामुळे. लुधियान्यात तर कोटणीसांच्या नावाचे ॲक्युपंक्चर रुग्णालयच आहे.

यात एक विसंगती आहे. कोटणीस हे मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉक्टर. चीनमध्ये त्यांनी केले ते शल्यचिकित्सकाचे काम. त्यांच्याविषयी आपल्याला कितीही आदर असला, तरी त्यांच्या नावामुळे सुईला गुण येत नाही. मग तो येतो का, आणि येत असेल तर कशामुळे?

हा प्रश्न आज केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. केंद्र सरकारने २००३ मध्ये ॲक्युपंक्चरला उपचाराचा एक प्रकार म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने त्यापुढे जाऊन ॲक्युपंक्चर चिकित्सापद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम केला आणि त्यानुसार नोंदणीसाठी परिषदही नेमली. सुया टोचणारा प्रशिक्षित असावा, सुया निर्जंतुक असाव्यात, हे योग्यच आहे. अस्वच्छ सुईमुळे कावीळ ब पसरू शकते, आणि छातीवर खोल गेलेली सुई फुप्फुसालाही इजा करते. परंतु नोंदणी झाली याचा अर्थ उपचार करणारा ठरलेला अभ्यासक्रम शिकला आहे, एवढाच. उपचार लागू पडतो की नाही, हे कायदेमंडळात हात वर करून ठरत नाही.

या विषयावरील वादात दोन्ही बाजू बहुधा चुकीच्या ठिकाणी लढत असतात. एक बाजू म्हणते, “हजारो वर्षे चालत आलेली पद्धत खोटी कशी असेल?” पण शिरा कापून रक्त काढण्याचा उपचारही युरोपात दोन हजार वर्षे चालला होता. शिवाय खुद्द चीनमध्ये १८२२ साली बादशहाच्या आदेशाने राजवैद्यक संस्थेतून सूचिचिकित्सा काढून टाकली गेली होती. तिला पुन्हा मानाचे स्थान मिळाले ते १९५० नंतर, सरकारी धोरणामुळे. दुसरी बाजू म्हणते, “शरीरात ‘छी’ नावाची शक्ती कोणालाच सापडलेली नाही, तिचे मार्गही सापडलेले नाहीत; म्हणून सगळे थोतांड.” हाही तर्क अपुराच आहे. उपपत्ती चुकीची असूनही उपचार लागू पडू शकतो. दलदलीच्या दूषित हवेने हिवताप होतो अशी समजूत होती, तेव्हाही सिंकोनाची साल हिवतापाला उतार देतच होती.

तेव्हा उपपत्ती क्षणभर बाजूला ठेवू आणि ‘गुण येणे’ म्हणजे काय ते पाहू. एखाद्याची कंबर दुखत होती, त्याने सुया टोचून घेतल्या आणि महिन्याने दुखणे कमी झाले. या एका घटनेत निदान तीन गोष्टी मिसळलेल्या असतात.

पहिली गोष्ट म्हणजे दुखण्याची चढउतार. माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणे टिपेला पोचल्यावर. त्यानंतर काहीही केले वा न केले, तरी ते खाली येण्याचीच शक्यता जास्त. हे वर्गात सहज दाखविता येते. चाळीस मुलांना प्रत्येकी दोन फासे टाकायला सांगा. सर्वांत कमी बेरीज आलेली दहा मुले वेगळी काढा. त्यांची सरासरी साधारण ४ येईल. त्यांना ‘उपचार’ म्हणून एकेक घोट लिंबूसरबत द्या आणि पुन्हा फासे टाकायला लावा. आता सरासरी ७ च्या आसपास जाईल. सरबताचा हा ‘गुण’ पाहून मुले हसतील, पण कंबरदुखीच्या रुग्णाच्या बाबतीत नेमके हेच आपण विसरतो.

दुसरी गोष्ट आपल्या भाषेला फार पूर्वीपासून माहीत आहे. ‘अमक्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे’ असे आपण म्हणतो. वेळ देऊन केलेली विचारपूस, स्पर्श, विश्वास आणि उपचाराचा एकूण थाट यांनीही वेदना खरोखर कमी जाणवते. वैद्यकात यालाच प्लॅसिबो परिणाम म्हणतात. आणि तिसरी गोष्ट म्हणजे योग्य जागी टोचलेल्या सुईचा स्वतःचा गुण. वाद आहे तो फक्त या तिसऱ्या गोष्टीचा.

या तिन्ही गोष्टी वेगळ्या कशा करायच्या? त्यासाठी संशोधकांनी लटक्या सुया बनविल्या. १९९८ मध्ये जर्मनीतील श्ट्राइटबेर्गर यांनी एक बोथट सुई तयार केली. नाटकातल्या खंजिराचे पाते जसे मुठीत सरकते, तशी ती दांड्यात सरकते. रुग्णाला मात्र टोचल्यासारखे वाटते. काही चाचण्यांत खरीच सुई, पण चुकीच्या जागी आणि वरवर टोचतात. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट करतात: खऱ्या सुईचा, लटक्या सुईचा आणि सुईविना नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचा.

अशा २९ चाचण्यांतील १७,९२२ रुग्णांची माहिती एकत्र करून अँड्र्यू विकर्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये विश्लेषण प्रसिद्ध केले. पाठ, मान, खांदा, गुडघा आणि डोके यांच्या जुनाट दुखण्याचे हे रुग्ण होते. त्यांनी दिलेले नमुन्याचे उदाहरण फळ्यावर लिहिण्याजोगे आहे. शंभरच्या मापावर सुरुवातीची वेदना ६० धरली, तर सुई न घेणाऱ्यांची वेदना ४३ वर येते, लटकी सुई घेणाऱ्यांची ३५ वर आणि खरी सुई घेणाऱ्यांची ३० वर.

आता वजाबाकी करू. खऱ्या सुईवाल्या रुग्णाला वाटते की आपली वेदना ३० ने कमी झाली. त्यातली १७ सुईविनाही कमी झाली असती. आणखी ८ लटक्या सुईनेही गेली असती. योग्य जागी, योग्य खोलीवर टोचण्याच्या साऱ्या शास्त्राच्या वाट्याला उरतात ५. विकर्स यांच्या मते हे पाच खरे आहेत, म्हणजे सुईचा गुण निव्वळ प्लॅसिबो नव्हे. टीकाकार म्हणतात की सुई खरी की लटकी हे टोचणाऱ्याला ठाऊक असते, आणि त्याच्या वागण्यातून ते रुग्णापर्यंत पोचते; हे पाच त्यातूनही येऊ शकतात. जर्मनीत ११६२ कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खऱ्या सुईने ४७.६ टक्के, लटक्या सुईने ४४.२ टक्के आणि नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के रुग्णांना उतार पडला. सुई कोठे टोचली याला फारसे महत्त्व नसेल, तर बिंदूंचे आणि मार्गांचे ते तपशीलवार नकाशे कशासाठी?

“सुईमुळे मेंदूत एंडॉर्फिन स्रवते, हे सिद्धच झाले आहे ना?” असे विचारले जाते. पण १९७८ मध्ये दात काढलेल्या रुग्णांवरील प्रयोगात असे सूचित झाले, की प्लॅसिबोने होणारे वेदनाशमनही एंडॉर्फिनमार्फतच होत असावे. म्हणजे एंडॉर्फिन सापडल्याने गुण सुईचा की हाताचा, हा निवाडा होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालाचा दाखलाही अनेकदा दिला जातो. त्यात २८ विकारांवर ॲक्युपंक्चर परिणामकारक ठरल्याचे म्हटले होते. त्यासाठी जमेस धरलेल्या चाचण्यांचा दर्जा मात्र कडकपणे पारखलेला नव्हता. अहवालाच्या आधीच, १९९८ मध्ये, विकर्स यांनीच दाखविले होते की चीनमधून प्रसिद्ध झालेल्या ॲक्युपंक्चरच्या त्यांना मिळालेल्या सर्व चाचण्यांचे निष्कर्ष अनुकूल होते. ज्या शाळेचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागतो, तिच्या उत्तरपत्रिका एकदा पुन्हा तपासाव्यात, असे कोणत्याही परीक्षकाला वाटेल.

मग चिनी वैद्यकातले सगळेच टाकाऊ का? नाही, आणि टिकाऊ काय ते निवडण्याची रीतही तीच आहे. थू यूयू यांनी हिवतापावरील औषध शोधताना चौथ्या शतकातील गे हुंग यांच्या ग्रंथातला उल्लेख वाचला. त्यात वनस्पती उकळायची नव्हती, तर पाण्यात भिजवून रस पिळायचा होता. त्यावरून उष्णतेने गुण नष्ट होत असावा असे त्यांनी ताडले आणि १९७१ मध्ये ईथर वापरून कमी तापमानाला अर्क काढला. आपल्या दवण्याच्या प्रजातीतल्या या वनस्पतीतून आर्टेमिसिनिन मिळाले आणि २०१५ मध्ये थू यूयू यांना नोबेल पारितोषिक. परंपरेने सुचविले, पण शिक्कामोर्तब केले ते प्रयोगाने. उलट, १९९० च्या दशकाच्या प्रारंभी बेल्जियममध्ये वजन घटविण्यासाठी दिलेल्या चिनी वनौषधींमुळे अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. दोष निघाला ॲरिस्टोलोकिया प्रजातीतील वनस्पतीचा. आपल्याकडील ईश्वरी याच प्रजातीतली आहे. तेव्हा ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हे येथेही धरून चालू नये.

गुडघेदुखीने त्रस्त झालेल्या शेजाऱ्याने विचारले, तर काय सांगावे? प्रशिक्षित माणसाकडून निर्जंतुक सुया टोचून घेतल्यास थोडा आराम पडू शकेल; त्यातला बराचसा हातगुणाचा असेल. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने याच पुराव्याच्या आधारे २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये असे सांगितले, आणि २०२१ मध्ये काही जुनाट वेदनांसाठी त्याचा विचार करावा असे म्हटले. एवढा हा पुरावा काठावरचा आहे. मात्र मधुमेह, क्षय, कर्करोग अशा रोगांत चालू उपचार सोडून सुयांच्या मागे लागू नये, हे निःसंदिग्धपणे सांगायला हवे. तेथे हातगुणाने रुग्णाला बरे वाटेल, पण रोग वाढत राहील.

महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशकात आहे. ॲलोपॅथी, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी अशा सर्व शाखा त्याच्या एकाच छत्राखाली येतात. आपले काही विद्यार्थी उद्या यांपैकी कोणत्यातरी शाखेत जातील. उरलेले सगळे रुग्ण तर होतीलच. कोणत्याही उपचाराविषयी तीन प्रश्न विचारायची सवय त्यांना शाळेतच लागावी. कशाशी तुलना केली? गट चिठ्ठ्या टाकून पाडले होते का? आणि कोणाला काय दिले, हे कोणाकोणाला ठाऊक होते? हे प्रश्न सुईला जसे विचारायचे, तसेच गोळीला, काढ्याला आणि शस्त्रक्रियेलाही विचारायचे आहेत.