समुद्रतळीच्या तारा आणि टपालतिकिटांवरील त्यांची स्मृती

अमेरिकेच्या टपालखात्याने १५ ऑगस्ट १९५८ रोजी न्यूयॉर्क येथे चार सेंटांचे एक स्मारक-तिकिट प्रसृत केले. अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली तार टाकली गेली त्यास शंभर वर्षे पूर्ण झाली, हे त्याचे निमित्त. पृथ्वीगोल, सागरदेव नेपच्यून आणि एक मत्स्यकन्या अशी त्यावरील चित्ररचना आहे. तिकिट देखणे आहे यात संशय नाही. परंतु ज्या घटनेचे ते स्मारक, ती घटना नेमकी काय होती हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात उद्भवूच नये, अशी जणू या रचनेची योजना दिसते.

वस्तुतः १८५८ ची तार ही यशाची कथा नव्हेच. आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांना जोडणारी ही तार ५ ऑगस्ट रोजी पुरी झाली. १६ ऑगस्ट रोजी व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश अध्यक्ष ब्यूकॅनन यांजकडे धाडण्यात आला, त्यास सुमारे १६ तास लागले. म्हणजे शब्दामागे जवळजवळ दहा मिनिटे. तारेचे आवरण मुळातच सदोष होते. त्यात कंपनीचा विद्युत्‌तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस याने सुमारे २००० व्होल्टचा दाब लावून तिचा अंत जवळ आणला. सप्टेंबर उजाडता उजाडता ती मुकी झाली. दोन्ही किनाऱ्यांवर झालेल्या आतषबाजीचा धूर विरतो न विरतो तोच ही गत!

तथापि विद्येच्या इतिहासात या अपयशाचे मोल मोठे आहे. लांब तारेत संदेश का मंदावतो याची उपपत्ती विल्यम टॉमसन यांनी आधीच मांडली होती, आणि तीव्र दाबाऐवजी क्षीण प्रवाह व तो टिपणारे नाजूक आरसायुक्त यंत्र हा त्यांचा मार्ग होता. तार बुडाल्यानंतर ब्रिटिश सरकार आणि कंपनी यांच्या संयुक्त समितीने चौकशी केली. तारेची शुद्धता मोजण्याची, विद्युत्‌मापनाची एकके निश्चित करण्याची निकड याच काळात सर्वांना पटली. १८६६ साली ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने टिकाऊ तार टाकली, ती या धड्याच्या बळावर. नेपच्यूनच्या त्रिशूळाशी यातील कशाचाही संबंध नाही.

देवतांचा हा मोह एकट्या अमेरिकेचा नव्हे. ऑस्ट्रेलियाने १९३६ साली टास्मानियाशी समुद्राखालून दूरध्वनीचा संबंध जोडला गेला तेव्हा दोन पेनी आणि तीन पेनीची तिकिटे काढली. त्यांवर सागरदेवी अँफिट्राइटी हाती तार घेऊन प्रकटली आहे. पुढे डिसेंबर १९६३ मध्ये राष्ट्रकुलातील पॅसिफिक दूरध्वनी-तार सुरू झाली, त्या वेळी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी तिकिटे काढली. आता देवता मागे पडल्या, पृथ्वीगोल आणि तार उरली. हा बदल स्वागतार्ह वाटतो. पण थोडा विचार करता त्यात तितकेसे नावीन्य नाही असे दिसून येते. देवता असो वा नकाशावरची रेघ असो, दोहोंमुळे तार ही कोणी माणसाने कोठून तरी आणलेल्या द्रव्यांतून घडविलेली वस्तू राहत नाही.

या द्रव्यांपैकी एकाचा विचार येथे अवश्य केला पाहिजे. खाऱ्या पाण्यात तांब्याचा गाभा सुरक्षित ठेवणारे आवरण म्हणजे गटापर्चा. मलाया, सुमात्रा आणि बोर्निओ येथील अरण्यांतील एका वृक्षाचा हा चीक. १८४३ च्या सुमारास तो लंडनमध्ये परिचित झाला आणि विसाव्या शतकात पॉलिथिलीन येईपर्यंत समुद्री तारांना त्यास पर्याय नव्हता. रबराच्या झाडास खाच पाडून चीक घेता येतो. गटापर्चाच्या बाबतीत झाडच आडवे पाडण्याची चाल होती आणि एका झाडातून हाती येई ते थोडेच. एकोणिसावे शतक सरता सरता कित्येक ठिकाणची जुनी झाडे नाहीशी झाली. मलेशियाने १९६७ साली आग्नेय आशियाई दूरध्वनी-तारेची स्मारक-तिकिटे काढली. ज्या भूमीने जगातील तारांना आवरण पुरविले त्याच भूमीची ही तिकिटे. त्यांवर तारेच्या मार्गाचा नकाशा आहे, वृक्ष नाही.

इवल्याशा कागदावर एवढे सगळे कसे मावावे, असा आक्षेप येईल. तो अगदीच गैर नाही. पण भारताचे १ नोव्हेंबर १९५३ चे तिकिट या संदर्भात पाहण्याजोगे आहे. भारतीय तारखात्याच्या शताब्दीनिमित्त निघालेल्या दोन आणे आणि बारा आणे किमतीच्या या तिकिटांवर १८५१ चा आणि १९५१ चा असे तारेचे दोन खांब दाखविले आहेत. बस, एवढेच. देवता नाही, पृथ्वीगोल नाही. पण शंभर वर्षांत वस्तू कशी पालटली हे दोन खांबांनी सांगितले. जागा अपुरी असते ही सबब येथे लंगडी पडते.

मात्र या तिकिटातही पाणी नाही. ओशॉनेसी याने १८३९ सालीच हुगळीच्या पात्राखालून तार नेण्याचा प्रयोग केला होता. १८६५ पासून तुर्कस्तानमार्गे खुष्कीने येणाऱ्या तारा बहुधा उशिरा आणि विद्रूप होऊन हाती पडत. म्हणून १८७० च्या फेब्रुवारीत उन्हाचा ताप टाळण्यासाठी पांढरा रंग दिलेले ‘ग्रेट ईस्टर्न’ मुंबईहून एडनकडे तार सोडीत निघाले, आणि त्याच वर्षी मुंबई समुद्रमार्गे थेट इंग्लंडातील पोर्थकर्नोशी जोडली गेली. लिव्हरपूलचा कापसाचा भाव मुंबईच्या व्यापाऱ्यास ज्या वाटेने कळू लागला, ती वाट या दोन खांबांपाशी नव्हे, समुद्राच्या तळाशी होती.